वसंताने न सांगितलेलं अर्धं

वसंता गेल्याचं त्याच्या मुलाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. तोंडावरचा साबण पुसून मी मदन महलला त्याच्या घरी पोचलो. साठ वर्षांची मैत्री... आणि त्याच्या पायाशी बसल्यावर मनात पहिल्यांदा काय आलं, तर ती गोष्ट जाणणारा आता मी एकटाच उरलो. त्या विचाराने क्षणभर हायसं वाटलं, त्याची लाज अजून गेलेली नाही.

पासष्टच्या लढाईत आम्ही जबलपुरात बी.एस्सी.ला होतो. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला तिघांचा गट असे. आमच्या गटात मी, वसंता आणि रामसजीवन दुबे. तिघांनी मिळून एक अहवाल लिहायचा, पण त्यात प्रत्येकाने स्वतः घेतलेली रीडिंग्ज स्वतःच्या हाताने भरायची, असा नियम होता. वसंता या कामात फार मंद. पारा दोन रेघांच्या मधे थांबला की वरची रेघ धरायची की खालची, यात पाच मिनिटं घालवायचा. मी चिडायचो. "अबे, लिही ना काहीही!"

"काहून लिहू काहीही? जेवढं दिसून राहिलं तेवढंच लिहीन," तो म्हणायचा.

दुबेचे वडील त्याच वर्षी वारले होते. घरात तोच थोरला, म्हणून दारूगोळ्याच्या फॅक्टरीत हंगामी मजूर म्हणून लागला होता. दिवसा कॉलेज, संध्याकाळी पाळी, असं त्याचं कसंबसं चालायचं. लढाई सुरू झाली आणि त्याला दुपारी बारालाच बोलावू लागले. प्रॅक्टिकल दुपारचं. एके दिवशी जाताना तो मला म्हणाला, "मधू, मेरे लिए सर से एक दिन माँग लेना. अपना सेट मैं इतवार को भी आकर कर लूँगा." मी हो म्हणालो.

मी सरांना विचारलं नाही. सर तापट होते, आणि मला वाटलं, कशाला. प्रयोग सोपा होता, गरम पाणी निवताना दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं. मी माझ्या आणि वसंताच्या आकड्यांची सरासरी काढली, कुठे थोडं कमी केलं, कुठे जास्त, आणि दुबेचा रकाना भरून टाकला. वसंताने आलेख काढताना ते ओळखलं. माझ्याकडे बघितलं, पण बोलला काही नाही.

सरांनी आलेख हातात धरला. दोन रेघा नागमोडी, तिसरी अगदी गुळगुळीत. "हा संच कोणी घेतला?" मी खाली बघत होतो. वसंता म्हणाला, "सर, त्या दिवशी दुबे नव्हता."

एवढंच म्हणाला. खरं होतं ते. पण आकडे कोणी भरले, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नुसत्या आकड्यांवरून हात कोणाचा ते सरांना कळलं नाही; प्रयोग न करता दुबेनेच मागाहून मनाने आकडे भरले, असं समजून त्यांनी त्यालाच दोषी धरलं, त्याचं प्रॅक्टिकल रद्द झालं, वर्ष गेलं. तो कॉलेजात एकदाच आला, कागद परत घ्यायला. आम्हा दोघांना पुन्हा प्रयोग करायला लावला, बस.

त्या दिवशी ओमतीच्या नाल्यापर्यंत आम्ही चालत गेलो. शेवटी मीच विचारलं, "माझं नाव काहून नाही घेतलंस?"

"मला वाटलं, तूच सांगशील."

"उद्या सांगतो," मी म्हणालो. तो उद्या आलाच नाही.

वसंता पुढे शाळेत शिकवू लागला, मी रेल्वेच्या ऑफिसात चिकटलो. दुबे फॅक्टरीतच कायम झाला. महिन्यातला एखादा रविवार वसंता रांझीला त्याच्या घरी जायचा. मला एकदाच म्हणाला, "येतोस का?" मी काम आहे म्हणालो. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि कधी तोडूनही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तेरवीला दुबे आला. काठी टेकत, नातवाचा हात धरून. जेवणं झाल्यावर अंगणात माझ्या शेजारी येऊन बसला. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "दुबे, वो रीडिंग्ज मैंने बनाई थीं."

"मालूम है," तो म्हणाला. "सर ने फाइल दिखाई थी. लिखावट तेरी थी."

मी विचारलं, "फिर तुमने उसी वक्त कहा क्यों नहीं?"

"सोचा, वसंत बोलेगा. फिर सोचा, तू बोलेगा. फिर नौकरी पक्की हो गई." त्याने काठी मांडीवर आडवी घेतली. "बेचारा हर बार आता था. कुछ कहने को मुँह खोलता... और मौसम की बात करके चला जाता था. मैंने भी कभी नहीं पूछा. पूछ लेता तो वो हल्का हो जाता."

माझ्यासाठी वसंताने तोंड मिटलं, आणि त्याचं ओझं साठ वर्षं एकट्याने रांझीला नेलं. दुबेने मला माफ केलं की नाही, ते मला कळलेलं नाही. उठताना एवढंच म्हणाला, "कभी आना."

गेल्या रविवारी मी गेलो. दुबे व्हरांड्यात बसला होता. लाइट नव्हती, पाणी उशिरा आलं होतं, असंच काहीबाही बोललो. त्याच्या सुनेने चहा आणला. पहिल्याच घोटाला कळलं, त्यात साखर नव्हती. वसंता बिनसाखरेचा प्यायचा. रविवारी येणारे मराठी काका तसाच चहा घेतात, हे तिच्या हाताला ठाऊक झालेलं होतं. दुबेच्याही लक्षात आलं असावं, पण त्याने साखर मागवली नाही. मी कप रिकामा केला.