ऑपरेटर भाऊंचा दुसरा डबा

ऑपरेटर भाऊ सिनेमा दाखवत, पण पडद्याकडे बघत नसत. मशीन सुरू झालं, चित्र स्थिर झालं, की ते चालत पुढे जायचे, पडद्याच्या खांबाजवळ उकिडवे बसायचे आणि पडद्याकडे पाठ करून माणसांच्या तोंडांकडे बघत राहायचे. फिल्मची पट्टी कुठे आली हे त्यांना मशीनच्या आवाजावरून कळायचं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पडद्यावरचा पिक्चर दरसाल तोच राह्यते. तोंडावरचा बदलते."

आलापल्लीला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी ते एका तंबू-टॉकीजचे ऑपरेटर होते. तंबू बंद पडला तेव्हा मालकानं मशीन आणि एका सिनेमाचे सहा डबे त्यांच्याकडे टाकले आणि तो गेला तो गेलाच. सिनेमा विदेशी होता, हिंदीत बोलणारा, आणि भाऊ सांगत त्याप्रमाणे साऱ्या जगात थोर मानलेला. आम्ही त्याला चांदणीवाला पिक्चर म्हणत असू. एक कप्तान एकटाच यानात बसून दूरच्या चांदणीकडे जातो, घरी त्याची लहान मुलगी वाट बघते, यानात बिघाड होतो, सगळं अंधारतं, आणि शेवटी कप्तान घराचं दार ठोठावतो. मुलगी दार उघडते, बापलेक जेवायला बसतात, समाप्त. धान घरात आलं की भाऊ हा सिनेमा वर्षातून एकदा आलापल्लीला वाचनालयाच्या मागे दाखवत आणि एकदा डबे बसमध्ये घालून सिरोंच्याला नेत.

दरवर्षी बघून तो आमचा पाठ झाला होता, आणि पाठ झाला म्हणून त्यातल्या चुकाही पाठ झाल्या होत्या. एक, यानात कप्तानाचा डावा हात भाजतो आणि पांढरी पट्टी बांधली जाते. घराचं दार तो त्याच हातानं ठोठावतो, तेव्हा ना पट्टी ना डाग. दोन, यानातल्या काचेवर मुलगी दिसते तेव्हा तिचा पुढचा दात पडलेला असतो. दार उघडते तेव्हा दात जागेवर. तीन, आदळआपटीत बापाच्या पाण्याच्या डब्याला पोचा पडतो आणि घरी येईपर्यंत तो पोचा निघून जातो.

लाकूड डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर यावर वाद व्हायचे, आणि ते हसण्यावारी जाणारे नसायचे. डेपोतले निवृत्त मोजणीदार दादाजी हे चुकांच्या बाजूचे पुढारी. सागाच्या प्रत्येक लठ्ठ्यावर हातोड्यानं ठोकलेला नंबर कागदाशी जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते म्हणत, नंबर जुळत नसेल तर माल चोरीचा. भाऊ एकटे सगळ्यांना पुरून उरत. जखम भरली, चार महिन्यांचा प्रवास आहे. दात पडला तर नवा येतो, पोरगी काय म्हातारी आहे? डब्याचा पोचा त्यानं रिकाम्या वेळात ठोकून काढला, यानात दुसरं काम काय होतं? एकदा दादाजींनी चिडून ग्लास आपटला आणि म्हणाले, "तू त्या पिक्चरचा ऑपरेटर आहे का वकील?" भाऊंनी शांतपणे उत्तर दिलं, "ज्याचं कोणी नाई, त्याचा वकील ऑपरेटरच राह्यते."

फोनवर तो सिनेमा शोधावा असं कुणालाच सुचलं नाही. डब्यावर होतं ते हिंदीत ठेवलेलं नाव. मूळ नाव कुणाला माहीत नव्हतं. शिवाय तो आमचा होता. घरच्या माणसाला कुणी बाहेर शोधत नाही.

मी गोंडपिपरीची. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा जंगल कामगारांसाठी पत्रकं लिहीत, आणि मी अक्षरं त्यावरूनच शिकले. चूक दिसली की ती लिहायची, छापायची आणि चौकात वाटायची, एवढं एकच वळण मला होतं. आलापल्लीच्या वाचनालयात कामाला लागले आणि काही वर्षांनी मी चांदणीवाल्यावर पत्रक काढलं. जगानं थोर म्हटलं म्हणून आपण निमूट बघायचं का, या ओळीनं सुरुवात केली होती, आणि खाली तिन्ही चुका. आठवडी बाजारात ते वाटलं. भाऊंनी एक मागून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी पत्रकबाई झाले.

आमच्या ग्रंथपाल माडावीबाईंना त्या पत्रकातून कार्यक्रम सुचला. रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात सिनेमा दाखवायचा आणि नंतर जाहीर चर्चा. चुका मांडायला मी, उत्तर द्यायला भाऊ. दादाजींनी गुरुवारीच पुढची खुर्ची सांगून ठेवली.

त्याच गुरुवारी मी डबे पुसायला भाऊंच्या दुकानात गेले. ते चहा सांगायला गेले होते. डब्यांवर बाहेरून रंगानं एक ते सहा आकडे होते. सहावा उघडला तर जुन्या फिल्मला येतो तसा सिरक्यासारखा उग्र वास आला. पट्टीच्या सुरुवातीला मूळचा आकडा कोरलेला असतो, तो सहज बघितला. तिथे दोन होता. पाचव्या डब्यात सहा, चौथ्यात पाच, तिसऱ्यात चार, दुसऱ्यात तीन. फक्त पहिला तेवढा जागेवर. मी सहाव्या डब्यातली पट्टी उजेडात धरली. दारातली मुलगी, सगळे दात जागेवर. अर्थात असणारच. हा प्रसंग प्रवासाच्या आधीचा होता. कप्तान सुट्टीवर घरी येतो, जेवतो आणि मग जातो. मूळ सिनेमात तो परत येत नाही. जेवणानंतरचा निरोप भाऊंनी कापून पहिल्या डब्याच्या शेवटी जोडला होता आणि "समाप्त"ची पट्टी जेवणाच्या शेवटी चिकटवली होती. जोड इतका सफाईदार होता की बोटाला लागेना.

भाऊ परत आले तेव्हा पट्टी माझ्या हातात होती.

"पिक्चरमंधी एकही चूक नाई भाऊ," मी म्हटलं. "चूक तुमी केली."

त्यांनी दोन्ही ग्लास खाली ठेवले. कोणाले सांगितलं, एवढंच विचारलं. अजून कोणालाच नाही, म्हटल्यावर ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले.

तंबू पहिल्यांदा सिरोंच्याला लागला, त्याच्या थोडं आधी गोदावरीच्या पुरात घाटावरची एक नाव गेली होती. माणसं सापडली नव्हती. पहिल्या दिवशी भाऊंनी डबे नंबरानं लावले. शेवटी रिकामी खुर्ची आणि अंधार. पुढे बसलेल्या बायकांची तोंडं त्यांनी बघितली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच घाटावरच्या आणखी बायका दारावर आल्या आणि तिकिटाआधी त्यांनी एकच गोष्ट विचारली, तो वापस येते का? भाऊ आत गेले आणि कात्री घेतली.

"त्याच्यात लक्ष्मक्का होती," ते म्हणाले. "नवऱ्याचं जाळं अजून दरसाल शिवते. यंदा सिरोंच्याले जाणं माह्याच्यानं होत नाई, तं तेच रविवारी इकडं येऊन राह्यली."

मला कळवळा यायला हवा होता. मला राग आला. टपरीवर इतकी वर्षं ते आमच्याशी भांडले होते, दात नवा म्हणून, जखम भरली म्हणून. मी म्हटलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, हो. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. मी तिथेच सांगून टाकलं, "रविवारी तुमी सांगा. नाईतर मी सांगते."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "खरं तू सांगशीन पत्रकबाई. पण ते तिच्या तोंडावर कसं उतरते, ते मले पाहा लागन."

शुक्रवार-शनिवार त्यांचं दुकान बंद होतं. आतून कात्रीचा आवाज येत होता. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. माझं बरोबर होतं, याबद्दल मला शंका नव्हती. 

रविवारी सभागृहाच्या खिडक्यांना पोती लावली होती. माणसं भिंतींना टेकून उभी होती. सतरंजीवर अगदी पुढे एक काळीसावळी म्हातारी बाई मांडी घालून बसली होती, बोटांना दोऱ्याचे घट्टे. ती लक्ष्मक्का, हे कुणी सांगावं लागलं नाही. माझ्या मुठीत सगळं लिहून आणलेला कागद होता. भाऊ मशीनपासून चालत पडद्यापुढे आले आणि म्हणाले, "आज डबे त्याईच्या नंबरानं लावले. आजवर मी उलटेपालटे लावत होतो. पत्रकात लिहिलेल्या चुका पिक्चरच्या नाई, माह्या आहेत."

गलका झाला. दादाजी उभे राहिले. "म्हणजे इतके साल आमाले येड्यात काढून राह्यला होता तू?" भाऊ म्हणाले, "हो दादाजी. बसा. आज नंबर जुळन." आणि खांबाजवळ जाऊन बसले.

सिनेमा सुरू झाला. दुसऱ्याच डब्यात कप्तान घरी आला, जेवला, निरोप घेऊन गेला, आणि पुढे काय उरलंय हे आता सगळ्यांना समजलं. हात भाजला, पट्टी बांधली. दात पडला. पाण्याच्या डब्याला पोचा पडला. सगळं जागच्या जागी होतं, आणि एकही माणूस जुळलं म्हणून खूश नव्हता. मीसुद्धा पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून एका तोंडाकडे बघत होते. यानातले दिवे एकेक करून गेले तसा लक्ष्मक्काच्या तोंडावरचा उजेडही गेला. पट्टी संपली. तिचं टोक मशीनवर फटफट आपटू लागलं तरी भाऊ उठले नाहीत. शेवटी माडावीबाईंनी मशीन बंद केलं आणि एका खिडकीचं पोतं ओढलं.

चर्चेला कुणी उठलं नाही. लक्ष्मक्का बसल्या जागेवरूनच बोलली, कुणाकडे न बघता.

"पहिल्या दिवशी माही जाऊ पाहून आली होती. तो येत नाई म्हणून घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी मी गेली, तं तो आला. तवाच समजली मी. तो आला नाई, त्याले कोणीतरी आणलं."

भाऊ खांबाला धरून अर्धवट उठले होते. ती आता त्यांच्याकडे वळली.

"दरसाल असाच खांबापाशी बसून माह्या तोंडाकडं पाहाचा तू. मी हसली नाई तं तुले वाईट वाटन, म्हणून हसत होती."

भाऊ पुन्हा खाली टेकले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मले काईच दिसलं नाई."

"पहिल्या दिवशी दिसलं ना," ती म्हणाली. "तेवढं पुरे झालं बिड्डा." आणि उठून बसची वेळ विचारू लागली. भाऊंना बिड्डा, म्हणजे लेकरू, म्हणणारं माणूस मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

मुठीतला कागद मी घरी येऊन चुलीत घातला. नंतर चार ओळींचा खुलासा काढला: सिनेमात चूक नाही, आधीचं पत्रक चुकीचं होतं. लक्ष्मक्काबद्दल त्यात काही लिहिलं नाही. बाबांना ते अर्धवट वाटलं आणि त्यांनी तसं सांगितलं. भाऊंनी तेही पत्रक दोनदा वाचलं, घडी केली आणि पहिलं ठेवलं होतं त्याच खिशात ठेवलं. त्यांनी लोकांना आधीच सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण मी ज्या आवाजात ते त्यांना सांगितलं, तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. दुकानात झोपले ते उठले नाहीत. मशीन आणि डबे त्यांनी वाचनालयाला लिहून ठेवले होते. सहाही डब्यांवर नव्या रंगानं बरोबर आकडे घातले होते, आणि दुसऱ्या डब्याच्या झाकणाला आतून माझं पहिलं पत्रक चिकटवलेलं होतं.

यंदा धान घरात आल्यावर डबे बसमध्ये घालून मी सिरोंच्याला गेले. आधी सगळ्यांना सांगितलं, की डबे नंबरानं लावते आहे, आणि शेवटी दुसरा डबा पुन्हा लावणार आहे. ज्यांना जायचं त्यांनी जावं. यान अंधारलं. मी दुसरा डबा चढवला. कुणी उठलं नाही. कप्तानानं भाजायच्या आधीच्या हातानं दार ठोठावलं, आणि मी चालत जाऊन पडद्याच्या खांबाजवळ बसले. पुढे लक्ष्मक्का होती. ती हसत होती. कुणासाठी, ते मला वाचता आलं नाही. बापलेक जेवायला बसल्यावर, निरोप यायच्या आधी, मी उठले आणि मशीन थांबवलं.