लाँड्रीतून दिसलेली अमेरिका

मामीचा फोन आला तेव्हा मी केडगावच्या शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. "तुजं मामा गेलं गं... जेवून आडवं झालं, ते उठलंच न्हाईत," एवढंच ती म्हणाली. सुदाममामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यामुळे मला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. तरीही त्या क्षणी रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. आज सहा आठवड्यांनी हे लिहितानाही थोडी लाज वाटते. पण मामा मोकळे होऊन गेले, आणि ते मोकळे झाले हे मला माहीत होतं, म्हणून तसं वाटलं. वर्षभरापूर्वी गेले असते तर मी आजही स्वतःला दोष देत बसले असते.

राहू गावात आमच्या वस्तीत मामांची ओळख 'अमेरिकावाले' अशी होती, आणि गंमत म्हणजे त्यांनी अमेरिका कधी पाहिलीच नव्हती. तरुणपणी एका एजंटामार्फत ते आखातात गेले आणि तिथल्या वाळवंटात, अमेरिकी फौजेच्या तळावर, ठेकेदाराच्या लाँड्रीत अकरा वर्षं राबले. परत आल्यावर टीव्हीवर कुठं बॉम्ब पडल्याची बातमी आली की गुऱ्हाळाजवळच्या चहाच्या टपरीवर लोक त्यांना घेरायचे. कुणी म्हणायचं, अमेरिका म्हणजे जगाची पाटीलकी. कुणी म्हणायचं, असा दरारा आपलाही पाहिजे. मामा बशीतला चहा संपवून म्हणायचे, "आरं, मी त्यांची कापडं धुतली. इमानं लई मोटी, पर इमानातली पोरं एकोनीस-ईस वर्साची. बाहेरून डूटी करून आली म्हंजी एखादं पोरगं गठड्यात न टाकता हातात चादर घिऊन यायचं. खाली मान. म्या काय इचारायचो न्हाई. वली चादर घ्यायची, सुकी द्यायची." एवढ्या मोठ्या फौजेतली पोरं भीतीनं अंथरूण ओलं करतात, हे कुठल्या बातमीत यायचं नाही.

त्या तळावर आणखी एक गोष्ट होती आणि ती मामांनी पहिल्याच दिवशी ओळखली. अमेरिकी शिपायांचं जेवणघर वेगळं. आपले, नेपाळी, फिलिपिनो कामगार यांचा तंबू वेगळा, संडास वेगळे. कुणी शिवी देत नव्हतं, नुसती पाटी होती. "माज्या बापाला राहूत वरनं पानी वाडायचे. मला पाटी वाचायला इंग्रजी लागलंच न्हाई," असं ते हसत सांगायचे. वॉल्टर नावाचा एक काळा सार्जंट त्यांचा दोस्त झाला होता, हेही सांगायचे. एके दिवशी वॉल्टरनं त्यांना दंडाला धरून शिपायांच्या जेवणघरात नेलं, आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हातानं ताट वाढलं... गोष्ट नेहमी इथंच थांबायची. पुढं काय झालं हे आम्ही कधी विचारलं नाही, कारण एवढी चांगली गोष्ट तिथं संपलेलीच बरी दिसते.

मामांची एकुलती एक मुलगी संघमित्रा नर्सिंग शिकून अमेरिकेत नोकरीला गेली. जाऊ नको म्हणून मामा दोन महिने तिच्याशी अबोला धरून बसले होते. तिकडे पोलिसांच्या हातून काळी माणसं मरतात, परक्यांना हाकलून देतात, हे बातम्यांत बघून त्यांचा जीव टांगणीला लागायचा. पण ती गेली आणि रुळली. गेल्या पावसाळ्यात तिनं मला फोन केला. "ताई, मी लग्न करायचं ठरवलंय. जेरोम शाळेत शिकवतो. काळा आहे. तू सांग दादांना, माझ्यानं होणार नाही." मामांना ती दादा म्हणायची.

मी रविवारी राहूला गेले. दौंडचे एक पाहुणे नेमके तिथंच जेवायला बसले होते. मी मामांना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, पण धीर जाईल म्हणून पंगतीतच सांगून टाकलं. पाहुणे घास हातात धरून म्हणाले, "येवढं शिकवली आन् शेवटी काळा नवरा? लोकं काय म्हंतील?" मामी पदराला हात पुसत नुसती मामांकडे बघत राहिली. मामांनी ताट बाजूला सारलं, उठले आणि उसाच्या कडेकडेनं नदीकडे चालू लागले. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मी चिडले होते. अमेरिकेतल्या वर्णद्वेषाला आपण इथं बसून नावं ठेवतो, आणि सगळ्यांना गोरी सून हवी असते म्हणून पोरींचे फोटो उजळ करून घेतो. पण मामांनी? ज्यांनी आम्हाला समतेचा पहिला धडा दिला, त्यांनी?

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. "तुला वाटलं आसंल, मामाला त्यो काळा हाय म्हनून नको," ते म्हणाले. "तसं न्हाई गं. त्या जेवनाच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या सायबानं मला बोलावलं. कागद फुडं केला. त्यात लिवलं व्हतं, सार्जंटानं मला जबरीनं आत नेलं. सही कर, न्हायतर उद्याच्या इमानानं घरी. घरी तुजी मामी, पोटात संघमित्रा... म्या सही केली." वॉल्टरची आठवड्याभरात बदली झाली. त्या कागदामुळंच की आणखी कशामुळं, ते मामांना कधीच कळलं नाही. जाताना तो लाँड्रीत निरोप घ्यायला आला तेव्हा मामा गठड्यांच्या मागं लपून बसले होते. "आता त्याच्यातलाच येक माज्या दारात जावई म्हनून येनार. त्याच्या डोळ्यात कसा बगू?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी हसलेच. मामांना ते आवडलं नाही. मग मी म्हणाले, "मामा, आम्हाला नका सांगू. जेरोमलाच सांगा."

जानेवारीत दोघं तिकडं लग्न करून आले. सहा फुटांचा जेरोम आमच्या ठेंगण्या दारातून वाकून आत शिरला आणि मामीच्या पाया पडायला आणखी वाकला, तेव्हा वस्तीतल्या बायांनी तोंडाला पदर लावला. मांडवगण फराट्याहून मामीच्या माहेरची माणसं मुद्दाम त्याला बघायला आली आणि काकवी चाखून त्यानं जे तोंड केलं ते बघून खूश होऊन गेली. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात न्याहारीला मामांनी त्याला समोर बसवलं. तळावर शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत सुरुवात केली. अडलं तिथं संघमित्रा सांगत गेली. तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं.

जेरोम जे बोलला ते संघमित्रानं एकेक शब्द जपत मराठीत सांगितलं : "वॉल्टरच्या वतीनं माफ करायचा अधिकार मला नाही. पण माझ्या आजोबांनीही नोकरी टिकवायला अशाच एका कागदावर सही केली होती, त्यांच्या मित्राविरुद्ध. ते वारल्यावर आम्हाला कळलं. जिवंतपणी ते कुणाजवळ बोलले नाहीत. तुम्ही बोललात."

मामांनी श्वास सोडला... इतका मोठा की दारातलं कुत्रं उठून बसलं. मग ते मामीकडे वळून म्हणाले, "आगं, अजून येक भाकर आन." कित्येक महिन्यांनी त्यांनी दुसरी भाकरी मागितली होती. संध्याकाळी टपरीवर ते जावयाला स्वतः घेऊन गेले. कुणीतरी विचारलंच, "मामा, आता खरं सांगा, अमेरिका चांगली का वंगाळ?" मामा म्हणाले, "आपल्या गावावानीच. फकस्त इमानं जास्त." संघमित्रानं ते इंग्रजीत सांगितल्यावर सगळ्यांत मोठ्यानं जेरोम हसला.

त्यानंतर मामा जेमतेम दोन महिने जगले. त्या दोन महिन्यांत ते रोज दुपारी शांत झोपत होते, असं मामी सांगते.

गेल्या रविवारी मी मामीला सोबत म्हणून गेले होते. तिनं मामांचं कपाट उघडलं. प्रत्येक कपडा एकाच मापाचा चौकोन करून रचलेला, आणि प्रत्येकाच्या कॉलरच्या आत काळ्या शाईनं नाव; लाँड्रीतली सवय त्यांनी सोडलीच नव्हती. मामीच्या ब्लाउजलासुद्धा नाव. तळाशी एक पांढरा सदरा निघाला, भलताच मोठा. "त्यो जेरूमचा," मामी म्हणाली. "शिरूरच्या शिंप्याकडनं शिवून घेतला, अंदाजानं. द्यायचा ऱ्हाऊनच गेला." मी कॉलर उलटून बघितली. मामांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : जेरोम, मु. पो. राहू.

"कुरिअरनं धाडूया का?" मामीनं विचारलं.

"नको," मी म्हणाले आणि घडी होती तशी परत ठेवली. "डिसेंबरात येणारेत ना. इथंच घालेल."