ग्लेंडाने बापाला कुठे नेलं

ग्लेंडा मेचिनशी भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही, आणि हे मी तिची मैत्रीण म्हणून नाही, तिच्याकडून अनेकदा हरलेली बाई म्हणून सांगते. इंग्लंडातल्या आमच्या बर्सलेम गावी, चिनीमातीच्या कारखान्यात आम्ही दोघींनी एका टेबलावर बसून कपांना कान चिकटवण्यात अर्धं आयुष्य घालवलं. एकदा एका नव्या मुकादमाने तिच्या कपांचे कान वाकडे आहेत असं म्हटलं. हिने भट्टीतून निघालेला स्वतःचाच कप आणला, त्यात चहा ओतला, त्याच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, सांडतोय का बघ. त्या माणसाने पुन्हा तिच्या वाटेला जायचं नाव काढलं नाही.

लग्न तिने केलं नाही. घरात ती आणि तिचा बाप, इनॉककाका. काकाने तरुणपणी कोळशाच्या भट्ट्यांवर काम केलं, डोक्यावरून ओझी वाहिली आणि त्या पैशातून आमच्या गल्लीतलं घर विकत घेतलं. खाली दोन खोल्या, वर दोन. आपल्यामागे हे घर ग्लेंडाला मिळावं एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती तो येता-जाता बोलून दाखवायचा.

मग त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. ग्लेंडाने काम सोडलं. घरच्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला सरकार थोडे पैसे देतं, ते तिला मिळायला लागले. त्यात आपलं मांजरसुद्धा जगणार नाही, असं ती म्हणायची. काकाला आडवं झालं की श्वास घ्यायला जमेना. वरच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, तो दिवसरात्र खुर्चीत बसून राहायचा. दुखायला लागलं की खुर्चीचा हात घट्ट धरायचा. घरी येणारी नर्स म्हणाली, हॉस्पिसमध्ये चला, शेवटच्या आजारातल्या माणसांना तिथे सांभाळतात, दुखणं आटोक्यात आणता येईल. काकाने मान फिरवली.

कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. काकाची बहीण एडा म्हातारपणी वृद्धाश्रमात गेली, आणि तिथला खर्च भागवायला तिचं घर विकावं लागलं. तिची दोन्ही मुलं हात चोळत बसली. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत मरणाला कुणी भीत नाही, पण 'आत' जायला सगळे भितात. आत म्हणजे कुठेही. वृद्धाश्रम काय, हॉस्पिस काय, आमच्या लेखी सगळी एकच जात. एकदा का माणूस आत गेला की घर गेलं.

काकाचा मुलगा नायजेल चेशरला राहतो. स्वयंपाकघरं बसवून देण्याचा धंदा आहे त्याचा, त्यामुळे शर्टाची कॉलर नेहमी कडक. तो फोनवर सांगायचा, बाबांना आत पाठवू नका, आणि पाठवायचंच असेल तर आधी घर माझ्या नावावर करा, म्हणजे कुणाला हात लावता येणार नाही. ग्लेंडा म्हणाली, तुझ्या नावावर करण्यापेक्षा आगीत घातलेलं बरं. नायजेल वाईट नाही हो. पण बापाची काळजी करायला त्याला इतकी वर्षं कधी वेळ झाला नव्हता, आणि आता झाला, याचा तिला राग.

एका सकाळी काकाने वेदनेने स्वतःचा ओठ चावला, रक्त आलं. मी काकापाशी बसले आणि ग्लेंडा कोट चढवून हॉस्पिसमध्ये भांडायला गेली. तुम्ही लोकांची घरं घेता कशी, हे विचारायला. तिथे नफीसा नावाची बाई असते. कुणाला कुठले सरकारी पैसे मिळू शकतात हे सांगायचं तिचं काम. ग्लेंडाने तोंड सोडलं, ते तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, इथे कुणाकडून एक पेनीसुद्धा घेत नाहीत. घर असो, नसो. घर विकावं लागतं तो वृद्धाश्रम, हे वेगळं. शिवाय फार दिवस उरले नाहीत असं डॉक्टरने लिहून दिलं, तर काकाला मिळणारे देखभालीचे सरकारी पैसे लगेच वाढतील आणि तो इथे आला म्हणून थांबणार नाहीत. तो गेल्यानंतरही ग्लेंडाचे पैसे काही आठवडे चालू राहतील, लगेच कुणी पायाखालची सतरंजी ओढणार नाही.

परत येऊन ग्लेंडा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. दुःखाने नाही, संतापाने. इतके महिने माझा बाप खुर्चीत बसून मरतोय, ती म्हणाली, आणि ते कशापायी, तर जे कुणी घेणारच नव्हतं त्यापायी.

आता सगळं सरळ होईल असं आम्हाला वाटलं. कसलं काय. काकाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे फुकट?"

"फुकट," ग्लेंडा म्हणाली.

"मग मुळीच नाही. माझी आजी सरकारी गरीबखान्यात मेली. मेचिनांच्या घरातला माणूस पुन्हा धर्माच्या खाटेवर मरणार नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. घर घेतात म्हणून जायचं नाही, आणि काहीच घेत नाहीत म्हणूनही जायचं नाही! ग्लेंडा जिन्यातून खाली आली ती पाय आपटत. या माणसाचं काय करू, असं भिंतीला विचारत होती.

त्याच शुक्रवारी क्लिफर्ड आला. हा माणूस दर शुक्रवारी दारोदार फिरून लॉटरीचा एक पौंड गोळा करतो, अर्धी गल्ली पैसे भरते. काका वर्षानुवर्षं भरत होता, एकदाही काही लागलं नव्हतं, आणि क्लिफर्डला चोर म्हटल्याशिवाय त्याने कधी पौंड दिला नव्हता. काका आजारी पडल्यावर क्लिफर्ड वर यायचा, शिव्या खायचा, पौंड घेऊन जायचा. मी त्या वेळी काकासाठी ओटकेक, म्हणजे आमच्याकडची ओटच्या पिठाची धिरडी, गरम करून वर नेले होते, चीज घालून. तो दोन घास खायचा आणि बाकी मला संपवायला लावायचा.

काकाने नाणं पुढे केलं. ग्लेंडाने मध्येच क्लिफर्डचा हात धरला.

"हे पैसे कुठे जातात, ते सांग याला."

क्लिफर्ड गोंधळला. म्हणाला, "कुठे म्हणजे? हॉस्पिसलाच की. नर्सांच्या पगाराला. तिकिटावर छापलंय."

छापलेलं होतंच. आम्ही सगळे बक्षिसाचा आकडा तेवढा वाचायचो, ग्लेंडाने या खेपेला खालची ओळ वाचली होती. काकाने क्लिफर्डकडून तिकीट घेऊन स्वतः वाचलं.

"इतकी वर्षं मी त्या नर्सांना पगार देतोय?"

"देतोयस," ग्लेंडा म्हणाली. "धर्माची खाट कसली घेऊन बसलायस? पैसे भरलेस, तर माल वसूल कर."

काकाच्या तोंडावर जे आलं त्याला हसू म्हणायचं की राग, मला कळलं नाही. त्याने क्लिफर्डला पौंड दिला, चोर म्हटलं, आणि ग्लेंडाला सांगितलं, माझा चांगला सूट काढ, मी पायजम्यात जाणार नाही.

सोमवारी तो सूट-टाय घालून ॲम्ब्युलन्समध्ये बसला. शेजारपाजारचे दारात उभे होते, त्यांच्याकडे त्याने एखाद्या कारखान्याच्या मालकासारखं बघितलं. हॉस्पिसमध्ये पहिला चहा आला तसा त्याने तो बशीत ओतला आणि कप उलटा करून बुडाचा, कारखान्याचा शिक्का बघितला. आमच्या गावचा माणूस राजवाड्यात गेला तरी आधी कप उलटा करतो. शिक्का परदेशी निघाला. काकाने नर्सला बोलावून फैलावर घेतलं, एवढे पौंड घेतले माझ्याकडून आणि कप बाहेरचा? दुसऱ्या दिवशी ग्लेंडाने घरचा कप नेऊन दिला. नर्सा त्याच्यावर खूश होत्या.

त्यांनी औषधांचं काय जमवलं ते मला सांगता यायचं नाही. पण तिसऱ्या दिवशी मी गेले तर काका आडवा झोपलेला होता. उशीवर डोकं, तोंड किंचित उघडं, हात मोकळे. ग्लेंडा बाजूला बसून नुसती बघत होती. मला बोलू देईना, जाग येईल म्हणून.

त्यानंतरचे दिवस काकाने मजेत काढले. बागेत खुर्ची न्यायला लावली, नफीसाशी फुटबॉलवरून वाद घातला, एका संध्याकाळी अर्धा ग्लास बिअर घेतली. मग एका पहाटे झोपेतच गेला. घर मृत्युपत्राप्रमाणे ग्लेंडाला मिळालं, कुणी त्याला बोट लावलं नाही.

दफनानंतर क्लबात चहा ठेवला होता. हॅमचे सँडविच, केक, अख्खी गल्ली. नायजेल कोपऱ्यातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की बाबांना घरीच मरण यायला हवं होतं, आपल्या खोलीत, आपल्या माणसांत, परक्यांच्या हवाली करायला नको होतं. दोघातिघांनी माना हलवल्या. त्या माना कुणाच्या होत्या ते मी विसरलेले नाही.

ग्लेंडाने किटली खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"तिथे माझा बाप दोन आठवडे जगला," ती म्हणाली. "घरी तो नुसता घर राखत होता."