बाल्ट्रुसचं अजिंक्य अंडं

आनेला झुब्रिकसच्या म्युझियममध्ये खोट्याला थारा नव्हता. म्युझियम म्हणजे चर्चच्या हॉलवरच्या दोन खोल्या, कधीच नीट न लागणारी एक खिडकी आणि आनेला. पेन्सिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या खाणींच्या गावात लिथुआनियन घरांनी पणजोबांच्या काळापासून जे जे फेकून दिलं नव्हतं, ते सगळं तिने तिथे आणून ठेवलं होतं. नवरीची फुलं रंगवलेली पेटी, हातमागावरचे कमरपट्टे, खाणीतले कंदील, बटाट्याचा कुगेलिस भाजून भाजून काळंठिक्कर पडलेलं एक भांडं. पण दारातून आत यायचं तर वस्तूला आधी आनेलासमोर उभं राहावं लागे, आणि ते काही सोपं काम नव्हतं बरं का!

शेजारच्या बर्निसला विचारा. बिचारी मोठ्या तोऱ्यात आजीची अंबरची माळ घेऊन आली होती. आनेलाने मिस्सा सुटल्यावर, सगळ्या गावादेखत, पेटत्या काडीवर सुई लालबुंद केली आणि मण्यात खुपसली. "खऱ्या अंबरला राळेचा वास येतो. याला येतोय? हुंग ना, हुंग! प्लॅस्टिक आहे, बाई!" बर्निस त्यानंतर बरेच दिवस समोरच्या फुटपाथवरून जायची. दुसऱ्या एकाने आजोबांची प्रार्थनेची पोथी आणली. झारने लिथुआनियन पुस्तकांवर बंदी घातली होती तेव्हा त्याच्या शिपायांना गुंगारा देऊन, गवताच्या गाडीत लपवून सरहद्दीपार नेलेली म्हणे. आनेलाने शेवटचं पान उलटलं. छापखाना शिकागोचा होता.

अशा या बाईच्या म्युझियममध्ये मानाची जागा होती बाल्ट्रुस सिंकेविचच्या अंड्याला. कांद्याच्या सालीत रंगवलेलं, मेणाने सूर्य आणि चांदण्या काढलेलं अंडं, काचेच्या घुमटाखाली, कापसावर. ईस्टरला हॉलमध्ये सगळे पुरुष अंड्यावर अंडं आपटायचे. ज्याचं फुटेल त्याने ते जिंकणाऱ्याला द्यायचं, असा नियम. बाल्ट्रुसचं अंडं कधी फुटलंच नाही. हे वर्षानुवर्षं चाललं, आणि दरवर्षी पहिला हरायचा कोण? आनेलाचा बाप. लहानगी आनेला पाय आपटून रडायची. तरी मोठेपणी त्याच अंड्याला तिने सगळ्यात चांगल्या उजेडात ठेवलं. न्याय म्हणजे न्याय! कुणी म्हणायचं, गिनी कोंबडीचं असेल, ते टणक असतं. म्हणून पाटीवर तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "बाल्ट्रुस सिंकेविचचं ईस्टरचं अंडं. साध्या कोंबडीचं. कधीही न हरलेलं."

ते बाल्ट्रुसच्या मुलाने स्वतःच्या हाताने कापसावर ठेवून दिलं होतं, आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावत नसे. जुनं अंडं हलवलं की कधी फुटेल आणि कसा वास सुटेल, याचा भरवसा नसतो. पण यंदा ईस्टरला त्या मुलाची, म्हातारपणाला लागलेल्या इझिडोरची, सगळी नातवंडं फिलाडेल्फियाहून येणार होती. कापूस पिवळा पडला होता. आनेलाने हातमोजे घातले, श्वास रोखला, घुमट उचलला, आणि अंडं तिच्या हातून सटकलं.

तिने डोळे मिटून घेतले. टण्ण! टण् टण्. मग गडगडत ते नवरीच्या पेटीखाली गेलं.

आनेला गुडघ्यांवर बसली, पेटीखाली हात घातला. अंडं सहीसलामत होतं. फक्त एका चांदणीवरचा रंग उडाला होता आणि खाली पाइनच्या लाकडाची रेघ दिसत होती. फुटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

कोट अंगात घालायचं भानही राहिलं नाही. ती तरातरा इझिडोरच्या घरी गेली. तो स्वयंपाकघरात बोयलो, सणाचं कढत पेय, ढवळत होता. मध, संत्री, दालचिनी आणि व्हिस्की. घरभर वास सुटला होता.

तिने अंडं टेबलावर आपटलं. "हे काय आहे, इझिडोर?"

"अंडं."

"लाकडाचं आहे!"

"हळू बोल गं. उतू जाईल."

"सगळ्या गावाला फसवलं तुझ्या बाबांनी! लबाड होते ते, लबाड!"

इझिडोरने गॅस बारीक केला. "माझे बाबा लबाड नव्हते. लबाड तुझे बाबा होते. हे त्यांनी केलंय."

आनेलाने खुर्ची ओढली आणि धपकन बसली.

"खाणीत छत कोसळलं आणि बाबांचा उजवा हात गेला, ते तुला ठाऊक आहे," इझिडोर म्हणाला. "घरात आम्ही पाच पोरं. कुणी पाव आणून दिला की बाबा तो रस्त्यावर भिरकावायचे. भीक नको म्हणायचे. तुझे बाबा खाणीत टेकूची लाकडं कापायचे ना? त्यातल्याच एका तुकड्याचं हे अंडं केलं. तुझ्या आईने रंगवलं. ईस्टरला सकाळी बाबांना म्हणाले, 'माझ्या कोंबडीने दिलंय, डाव्या हाताने खेळून बघ.' मग काय! जो तो टोपली भरून अंडी आणतोय आणि हरतोय. कुणी अंड्यावर सॉसेजची पैज लावतोय, कुणी डुकराच्या मांडीची. महिनाभर अंडीच अंडी! मला अजून अंडं बघवत नाही."

"आणि तुझ्या बाबांना कळलं नाही?"

"बाबांचा हात गेला होता गं, डोकं नाही. पहिल्या वर्षी घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी स्वतःच ओरडायला लागले, 'या, कोण येतोय पुढे?'"

आनेलाने अंडं जवळ ओढलं. "हे गावात कुणाकुणाला माहीत होतं?"

इझिडोरने डोकं खाजवलं. "तुला सोडून?"

"बर्निसला?"

"तिलाही."

"आणि त्या सुईच्या दिवशीसुद्धा ती गप्प बसली?"

"गप्प बसली."

"मग मला का नाही सांगितलं मेल्यांनो!"

"तुझ्या बाबांची सक्त ताकीद होती. 'आनेलाला सांगू नका, ती सरळ जाऊन बाल्ट्रुसलाच सांगेल.' खोटं आहे का? भर प्रवचनात उभी राहून कोण ओरडलं होतं, 'फादर, तुमचे केस तिरके झालेत' म्हणून?"

आनेला हसली नाही. लहानपणी तिला बापाची लाज वाटायची. सगळ्यात आधी हरायचा आणि वर दात काढून हसायचा! शाळेत ती कुणाला सांगायची नाही की तो आपला बाप. तिने अंडं रुमालात गुंडाळलं आणि उठली.

निघताना इझिडोर दारापर्यंत आला. "पाटी बदलणार तू?"

"खोटी पाटी मी ठेवत नाही."

"म्युझियम तुझं आहे," तो म्हणाला. "फक्त एवढंच, बाबांचा एक फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. पोरांना पणजोबा म्हणजे हे अंडं. चॅम्पियनची पतवंडं म्हणून मिरवतात वेडी."

घरी येऊन आनेलाने नवी पाटी लिहिली. सुबक अक्षरांत, बापाच्या नावानिशी. उभं आयुष्य हरत आलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा कुठे लागणार होतं, आणि तेही अक्षरन् अक्षर खरं. तिने पाटी पर्समध्ये ठेवली. कुणाचं काय बिघडणार होतं खऱ्याने? असं तिने स्वतःला विचारलं आणि उत्तर नको होतं म्हणून दिवा मालवला.

ईस्टरला हॉलमध्ये हॅमचा आणि कॉफीचा वास भरला होता. आनेलाने अंडं स्वतः खाली आणलं, जुन्या पाटीसकट. आजचा दिवस याला खेळू दे म्हणाली. लोक चाट पडले. इझिडोरने ते उचललं, बापासारखं डाव्या हातात. नातवंडं रांगेत उभी राहिली. सगळ्यात पुढे मोर्ता, घट्ट वेण्या घातलेली, हनुवटी वर. तिचं अंडं पहिल्याच ठोक्याला फुटलं. पोरगी रडली नाही. तिने आजोबाच्या हातातून ते अजिंक्य अंडं हिसकावलं, हातात तोललं आणि टेबलावर ठोकलं. टक् टक्.

"हे लाकडाचं आहे! चीटिंग आहे ही!"

बर्निसने कप खाली ठेवला. मोर्ताची आई गोरीमोरी होऊन म्हणाली, "अगं, असं बोलू नये. आनेला आजींना विचार, त्या कधी खोटं बोलत नाहीत."

आनेलाचा हात पर्समध्ये होता, पाटीवर. समोर इझिडोर उभा होता, रिकामा डावा हात तसाच पुढे धरून. आणि पुढ्यात ती पोरगी, खरं तेच ऐकायला टपलेली. आनेलाने तिला बरोब्बर ओळखलं. बापाने अशाच एका पोरीपासून तर सगळं लपवलं होतं.

"कोंबडीचं आहे," आनेला म्हणाली. "पाटी वाचता येत नाही का?"

"पण आवाज—"

"तेव्हाच्या कोंबड्या वेगळ्या होत्या."

मागे कुणाला तरी जोराचा ठसका लागला. आनेलाने पर्समधला हात बाहेर काढला. हातात पाटी नव्हती, खेळासाठी घरून आणलेलं तिचं स्वतःचं अंडं होतं. मोर्ताकडून बाल्ट्रुसचं अंडं घेऊन तिने ते इझिडोरच्या हातात दिलं. "चल रे, मार."

तिचं अंडं कचकन फुटलं. "हरले!" ती दात काढून म्हणाली आणि फुटकं अंडं तिने इझिडोरच्या टोपलीत ठेवलं. इझिडोरने डावी मूठ पुन्हा पुढे धरली.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिला कोपराने ढकललं. बर्निस होती, हातात अंडं घेऊन. तिच्यामागे गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांची रांग लागली होती.

"सरक बाजूला," बर्निस म्हणाली. मग ती इझिडोरच्या मुठीवर वाकली आणि तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं हुंगलं. "राळेचा वास येतोय गं आनेला. म्हणजे अस्सलच असणार."