कानबाईच्या निरोपाची फाइल

माझ्या थोरल्या नणंदेची सून धुळ्याहून आली, तेव्हा मी एका लग्नाचा अल्बम लावत बसले होते. जळगावात बसस्टँडजवळ माझं फोटोंचं आणि कॉम्प्युटरचं दुकान आहे. न उघडणारे फोटो आणि व्हिडिओ दुरुस्त करणं हे त्यातलं अर्धं काम. सुनेने पर्सच्या आतल्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेलं मेमरी कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

“मामी, हाई उघडतच नही.”

“आधी सांग, याला हात कुणी लावला?”

“मोबाइलमां टाकं व्हतं. फॉरमॅट करू का, इचारे.”

“मग?”

“मी नही म्हनं.”

“नक्की?”

“कानबाईनी आन, मामी.”

मी तिला पाणी दिलं. फॉरमॅटला हो म्हणाली असती, तर तिथेच अवघड झालं असतं.

कार्डावर एकच व्हिडिओ होता, गेल्या श्रावणातला. आमच्या नणंदेच्या घरी, म्हणजे अक्कांकडे, भाऊबंदांची कानबाई देवी बसते. रात्रभर जागरण होतं आणि सकाळी कानबाईला विसर्जनासाठी उठवताना निरोपाचं गाणं म्हणतात. ते गाणं फक्त अक्कांना येत होतं. त्यांच्या सासूने त्यांना तोंडी शिकवलेलं, अक्कांना लिहिता येत नाही आणि बाकी कुणी कधी मन लावून शिकलंच नाही. सूनही दरवर्षी पुढच्या वर्षी शिकते म्हणायची. मग हिवाळ्यात अक्कांच्या घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला. आवाज गेला.

आता पुन्हा श्रावण तोंडावर आला होता. अक्कांचे धाकटे दीर म्हणाले होते, “त्यात काय एवढं, या वर्षी स्पीकरवर काहीतरी लावू.” अक्कांनी हातातलं लाटणं त्यांच्या दिशेने फेकलं. ते चुकवून दीर म्हणाले, “आवाज गया, पन नेम गया नही!” सगळे हसले, अक्का सोडून. त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सुनेला या कार्डाची आठवण झाली.

मी आधी कार्डाची जशीच्या तशी नक्कल उतरवून घेतली. मूळ कार्डावर काम करायचं नाही, हा माझा नियम आहे. फाइल दिसत होती, आकारही चांगला भरभक्कम होता, पण एकाही प्रोग्रॅममध्ये उघडेना.

“शूटिंग थांबवलं कसं? बटन दाबून?”

“बटन कोन दाबी? मी तं कानबाईमांगे व्हतू.”

“मग कॅमेरा बंद कसा झाला?”

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. “मेन स्विच, मामी. दरसाल करतस तसंच कयं. कानबाई उंबरठावर उनी का घरना बठ्ठा लाईट बंद.”

त्यांच्या घरची ती रीतच आहे. कानबाई निघाली की तिच्याबरोबर फक्त निरांजन जातं. मागे घरात विजेचा दिवा जळता ठेवायचा नाही. कॅमेरा शेजारच्या शिक्षिकेचा. त्याची बॅटरी फुगलेली, म्हणून तो वायरवर चालत होता. सुनेने मेन स्विच पाडला आणि दिव्यांच्या माळांबरोबर कॅमेराही मेला.

शूटिंग थांबवलं की कॅमेरा फाइलच्या शेवटी एक नकाशा लिहितो. चित्र कुठे आहे, आवाज कुठे आहे, ते त्यात असतं. मध्येच वीज गेली तर माल राहतो, नकाशा राहत नाही. तो नव्याने तयार करता येतो, पण त्यासाठी त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर घेतलेला एक धडधाकट व्हिडिओ लागतो.

शिक्षिकेची बदली यावलला झाली होती. फोन लावला.

“कॅमेरा आहे ना अजून?”

“आहे की. पण शूट काय करू, ताई?”

“काहीही. भिंत करा.”

त्यांनी दारातली म्हैस शूट केली आणि मोबाइलवर नेहमीसारखी पाठवून दिली. तशी पाठवली की फाइल दाबून लहान होते. माझ्या कामाची उरत नाही. मी म्हटलं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पाठवली. प्रोग्रॅम चालला, थांबला, नुसती घरघर ऐकू आली. सुनेने तोंडावर हात ठेवला. मी तपासलं, तर म्हैस छोट्या साइझवर घेतलेली आणि कानबाई मोठ्या. पुन्हा फोन.

“ताई, म्हैस आता दमली हो.”

“दमू द्या. जागरणाच्या वेळी जे सेटिंग होतं, तेच लावा.”

या वेळी फाइल यायला फार वेळ लागला. यावलला नेटवर्क जात-येत होतं. सून खुर्चीच्या कडेला बसून पडद्याकडे बघत होती. चहा तसाच गार झाला. मी प्रोग्रॅम चालू केला आणि उगाच अल्बमची पानं लावत राहिले.

चित्र आलं नाही. करड्या चौकोनांचा नुसता चिखल. पण आवाज आला. आधी टाळ्या, मग अक्कांचा खणखणीत सूर. सून उठून उभी राहिली.

मी दुकान बंद केलं आणि तिच्याबरोबर धुळ्याला गेले. ऑपरेशननंतर अक्कांनी स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. सहन होईल की नाही, याची मला धास्ती होती. मी विचारलं, “लावू का?” त्यांनी हाताने खूण केली, लाव, विचारतेस काय.

त्या ताठ बसून ऐकत राहिल्या. एका जागी व्हिडिओतल्या अक्का खोकल्या, तेव्हा यांनी कपाळाला आठी घातली. मग खट् करून आवाज तुटला. पुढे काही नव्हतं.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. “मामी, शेवटलं कडवं?”

शेवटचं कडवं उंबरठ्याबाहेर म्हणतात, दिवे मालवल्यावर. ते रेकॉर्डच झालेलं नव्हतं. नव्हतं ते मी कुठून काढणार? तसं मी स्पष्ट सांगितलं.

अक्का उठल्या. सुनेला दंडाला धरून त्यांनी उंबरठ्याबाहेर उभं केलं आणि समोर उभं राहून ओठ हलवले. चाल तीच होती, सुनेला शब्द तेवढे हवे होते. ती ओठांकडे बघत अंदाजाने एकेक शब्द म्हणू लागली. बरोबर आला की अक्का मान हलवायच्या, चुकला की दंडावर चापट.

“आत्या, हळू ना! हात दुखस,” सून सासूला म्हणाली.

अक्कांनी आणखी एक मारली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा ओठ हलवायला सुरुवात केली. ओळी लांब होत्या. मी जळगावच्या बसचा विचार सोडला आणि आत जाऊन कुकर लावला.