दुपारची उघडी खिडकी

दिल्लीकडे चार उन्हाळे काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सकाळीच खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, आणि ऊन उतरलं की सगळं सताड उघडायचं. पण माझे बाबा पडले साताऱ्याचे. तिथे उकडलं की माणूस खिडकी उघडतो.

आई गेल्यावर मी त्यांना गुडगावला आणलं. परदेशी कंपन्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. त्यातल्या एकीत मला नोकरी होती आणि नव्या सोसायटीत अगदी वरच्या मजल्यावर घर. आमच्या जिन्यातल्या बाकी दारांना कुलपं. लोकांनी फ्लॅट घेऊन ठेवले होते, राहायला कुणी आलं नव्हतं. एकटीला तिथे घर खायला उठायचं. बाबा आले आणि संध्याकाळी बेल वाजवून घरात शिरण्याचं सुख मला मिळालं.

मे महिन्यात मात्र घराची भट्टी झाली. बाबा भर दुपारी खिडकी उघडायचे. लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, आत, पलंगावर धूळ, आणि हे घामाघूम. एकदा चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर यांना गावी पाठवा.

"अहो बाबा, जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलंत ना? लू आत घेऊन घर गार होतं होय?" मी तोंड सोडलं.

"अगं, सूर्याकडून मिळतं तेवढं पृथ्वी परत आकाशात सोडते, म्हणून ती टिकलीय. सोडता आलं नाही तर तापतच जाईल. तुझा स्लॅब दिवसभर घेतो आणि रात्रभर आपल्यावरच सोडतो."

"मग घेऊच द्यायचं नाही त्याला!"

रविवारी मी चुन्यात डिंक कालवला आणि झाडूने सगळी गच्ची पांढरी केली. बाबा जिन्याच्या सावलीत बसून हुकूम सोडत होते. "पांढऱ्यावरून ऊन आल्या पावली परत जातं बघ. झकास!" खरंच फरक पडला. रात्री छताची धग लागेना. मला वाटलं, जिंकले.

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला, तर बाबा म्हणाले, खिडकी उघडीच आहे. संध्याकाळी मी रडकुंडीला आले. "का, बाबा? आता का?"

ते म्हणाले, "खाली बांधकामावरचे मजूर जेवायला बसतात गं. हसतात, भांडतात. त्यांची बोली मला धड कळत नाही, पण माणसाचा आवाज येतो. तू उजाडताच जातेस, येतेस अंधार पडल्यावर. दिवसभर मनात साठतं, ते सोडू कुठे?"

त्यांना साताऱ्याला परत जायचं होतं, हे मला कळलं. मला टाकून जाऊ नका, असं ओरडावंसं वाटत होतं. ओरडले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या प्रवासासाठी दशम्या केल्या आणि त्यांना गाडीत बसवून आले. साताऱ्यात पारावर त्यांची मित्रमंडळी होती.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी पडदे ओढून पडले होते. घर छान गार होतं. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. शेवटी उठले आणि खिडकी उघडली. लू तोंडावर आली. खाली मजूर भाकरी खात बसले होते. त्यातल्या एकीने वर पाहिलं आणि ओरडून विचारलं, "बाबूजी कहाँ गए?"

"गाँव गए," मी म्हणाले. सकाळपासून मी तोंडातून काढलेले ते पहिले शब्द होते.