अप्पांच्या यादीतली नववी ओळ

निनाद मला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा त्याच्या वडिलांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. विचारलं ते हे : "यशवंतपूर स्टेशनपासून इथवर रिक्षाला किती वेळ लागला?" मी म्हटलं, "असेल तासभर." त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की माझ्या साडीला काही लागलंय की काय असं मला वाटलं. "असेल म्हणजे? हातात घड्याळ आहे ना?" मी निपाणीची, राग कायम नाकावर. म्हटलं, "घड्याळ आहे, पण मी इथे परीक्षेला आले नव्हते." अप्पांनी शांतपणे खिशातून छोटी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते लग्नानंतर मी शोधून वाचलं. ‘यशवंतपूर ते जयनगर, रिक्षा, अंदाजे एक तास. मोजलेले नाही.’ माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

अप्पा पुण्याचे. चौतीस वर्षं बंगळूरमधल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनं तपासण्याचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर तेच काम घरात सुरू ठेवलं. गॅसच्या सिलिंडरवर खडूने तारीख. इडलीच्या पिठाच्या डब्यावर बाहेरून पेन्सिलची रेघ, पीठ किती वर आलं ते कळायला. "पीठ छान आंबलंय," असं मी म्हटलं की ते म्हणायचे, "छान हे मत झालं. किती बोटं वर आलं ते सांग." भांडण झालं तरी तेच. मी एकदा वैतागून म्हणाले, "तुम्ही नेहमी मला टोकता." अप्पा म्हणाले, "नेहमी नाही. ह्या आठवड्यात तीनदा." आणि ते खरं होतं, म्हणून आणखीच चीड आली.

एका बाबतीत मात्र त्यांनी हात टेकले होते. इतकी वर्षं ह्या गावात काढून त्यांना कन्नडचे तीन शब्द येत होते. बेकु, बेडा आणि येष्टु. हवं, नको आणि कितीला. मी शाळेत कन्नड शिकवते, त्यामुळे मला ह्याची लाज वाटायची. "तीन शब्दांत माझं भागतं," ते म्हणायचे, "चौथा लागला तर तू आहेस."

निनाद त्यांचा एकुलता एक. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. निनाद दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि त्याला हाताने काहीतरी करायची फार हौस होती. त्याने एक जुनी डिझेल पिकअप घेतली, मागे उघडा हौदा असलेली. तिला इंजिनाचा जोर वाढवणारा मोठा टर्बो लावला. हवा थंड करणारा इंटरकूलर आणि त्याचे सगळे पाइप स्वतःच्या हाताने जोडले. गाडीचा कॉम्प्युटर नव्याने लिहून घेतला. पहिल्या रविवारी तो अप्पांना शेजारी बसवून देवनहळ्ळीच्या पुढच्या चढावर गेला आणि गाडी उडाली. परत आला तेव्हा पोराचं तोंड बघण्यासारखं होतं. पुढच्या रविवारी तीच गाडी मरगळली. एवढा खर्च आणि एवढा खटाटोप करून जुन्याच गाडीसारखी रडतरखडत चढ चढली.

त्यानंतर आठ महिने तो दोष शोधत होता. यशवंतपूरला मंजण्णाचं गॅरेज आहे, तिथे निनाद आणि त्याचे गाडीवेडे मित्र जमायचे. मित्र हसायचे. मंजण्णा चांगला माणूस, पण तोही म्हणाला, "निनाद सार, इंजिन सरी, म्हणजे ठीक आहे, तुमची जोडणीच कुठेतरी चुकलीय." निनाद पाइप काढायचा, पुन्हा जोडायचा. अप्पा त्याच्याबरोबर जाऊन बसायचे, वेळ मोजायचे, वहीत लिहायचे. एकदा माझा तोल गेला. रविवार गेला, जेवण थंड झालं, अंगाला डिझेलचा वास. मी म्हणाले, "तुझ्या हाताला ते वळणच नाही निनाद, देऊन टाक कुणाला तरी." त्यानंतर माझ्यासमोर त्याने गाडीचं नाव काढलं नाही. अप्पा तेव्हा तिथेच टेबलाशी बसले होते.

निनादला डेंग्यू झाला आणि सहाव्या दिवशी तो गेला. चाळीस वर्षांचा होता. ह्यावर मला जास्त लिहिता येत नाही. लोक येऊन रडायचे, मी त्यांना पाणी द्यायचे. मला भूक लागायची, झोप लागायची, शाळेत मी षष्ठी विभक्ती शिकवत होते. एका मैत्रिणीने सांगितलं की एकदा मोकळी रड, बरं वाटेल. मी बाथरूममध्ये जाऊन बघितलं, काही आलं नाही. सगळं अंग दाढ काढल्यावर तोंड होतं तसं झालं होतं. अप्पांचंही तेच असावं. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि मीठ कमी आहे हेसुद्धा कुणी म्हणत नव्हतं.

चार महिन्यांनी मी पिकअप विकायला काढली. देवनहळ्ळीकडे गुलाबाची शेती करणारे नंजप्पा गाडी बघायला आले, चढावर चालवून आले आणि माझ्या हातात किल्ली ठेवून म्हणाले, "गाडीला दमच इल्ला, दमच नाही, अक्का." मला काही वाटलं नाही. अप्पा मात्र खुर्चीतून उठले. म्हणाले, "दोष कळल्याशिवाय गाडी द्यायची नाही. मी तपासतो. तू चालव."

मी जिवावर आल्यासारखी हो म्हणाले. मग दर रविवारी पहाटे आम्ही देवनहळ्ळीच्या पुढच्या त्याच चढाला निघायचो. हौद्यात वाळूची सहा पोती. मैलाच्या दगडापासून चिंचेच्या झाडापर्यंत चढ. मी गाडी चालवायची, शेजारी अप्पा स्टॉपवॉच घेऊन. "पूर्ण दाब," ते म्हणायचे. "दाबलंय अप्पा," मी म्हणायचे. एकतीस सेकंद. त्यांनी वहीत नऊ ओळींची यादी केली होती आणि दर रविवारी एकच ओळ घ्यायची. पहिल्यांदा हवेची गाळणी बदलली, एकतीस. मग पाइपांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडे येतात का बघितलं. एकही बुडबुडा नाही, एकतीस. मग डिझेलचा फिल्टर. मग मागची चाकं उचलून हाताने फिरवून बघितली, ब्रेक धरून राहतो का म्हणून. मी एकदा म्हटलं, "दोन गोष्टी एकदम बदलू या ना, लवकर आटपेल." अप्पा म्हणाले, "दोन बदलल्या की बरं कशाने झालं ते कळत नाही. मला कळायला हवंय." यादीतली नववी ओळ होती ‘पेडल’. मी ती वाचली होती, लक्ष दिलं नव्हतं.

सहाव्या रविवारी धुराच्या नळकांड्याची पाळी होती, म्हणून गाडी मंजण्णाकडे नेली. त्याने अप्पांना न विचारता गाडीला आपलं नुकतंच आणलेलं, गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र जोडलं आणि मला म्हणाला, "अक्का, पूर्ण दाबा." मी दाबलं. यंत्राच्या पडद्याकडे बघत तो म्हणाला, "पूर्ण दाबा अक्का, एकाहत्तर टक्केच दाखवतंय." मी दोन्ही पायांनी दाबलं. एकाहत्तर. इतक्या लोकांनी इतके महिने तपासलं होतं, हवा बघितली, डिझेल बघितलं. स्वतःच्या पायावर कोण संशय घेतो?

मी अप्पांकडे बघितलं. वही उघडी होती, पेन्सिल हातात होती. त्यांनी लिहिलं नाही. मी म्हटलं, "अप्पा, लिहा ना. एकाहत्तर." त्यांनी वही मिटली. मी त्या घरात चौदा वर्षं राहत होते आणि समोर आलेला आकडा ह्या माणसाने लिहिला नाही असं मी कधी बघितलं नव्हतं. मी वाकून पेडलच्या मागे, मॅटखाली हात घातला. रबराचा एक ठोकळा लागला, दोन स्क्रूंनी बसवलेला, चारही कडा पॉलिश पेपरने घासलेल्या. तसेच चार ठोकळे आमच्या वॉशिंग मशिनखाली आहेत. अप्पांनीच कापलेले.

मंजण्णाला मी काही सांगितलं नाही. गाडी घेऊन निघाले. सिग्नलला थांबल्यावर विचारलं, "कधी बसवलात?"

"पहिल्या रविवारनंतर. सोमवारी, तो ऑफिसला गेल्यावर."

"का?"

"चाळीसवरून ऐंशीला सात सेकंदांत गेली गाडी. मी त्याच्याकडे बघितलं. दहावीच्या निकालालाही तो इतका खूश नव्हता. मला भीती वाटली, सुजाता."

"मग त्याला सांगायचं."

"रोज सांगणार होतो. आधी वाटलं, शोधतोय, सापडेल त्याला. मग महिना गेला. मग सांगायचं तर महिनाभर का सांगितलं नाही तेही सांगावं लागलं असतं."

"तुम्ही त्याच्या शेजारी बसून आकडे लिहीत होतात."

"आकडे सगळे खरे आहेत," अप्पा म्हणाले.

मागचे हॉर्न वाजवायला लागले होते. मी गाडी पुढे घेतली आणि म्हटलं, "तो गेल्यावर गुपचूप काढून टाकायचा होता. मला कळलंसुद्धा नसतं."

"म्हणूनच काढला नाही. यादीत होता ना. अजून तीन रविवारांनी आलाच असता."

तेव्हा मला समजलं. तोंडाने सांगता येत नव्हतं म्हणून हा माणूस मला घेऊन दर रविवारी तो चढ चढत होता. एकेक ओळ खोडत सरकत होता, शेवटी आपण सापडू म्हणून. मला त्यांचा भयंकर राग आला. इतक्या महिन्यांनी काहीतरी आलं, आणि आलं ते हे. माझा नवरा स्वतःला नालायक समजून गेला आणि ज्याला खरं माहीत होतं तो शेजारी बसून सेकंद मोजत होता. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे आणि खोलीत जायचे. त्या खोलीत मला माझंच वाक्य ऐकू यायचं, हाताला वळण नसल्याचं.

पुढच्या रविवारी पहाटे ते स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी उभे होते. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि ठोकळा काढला. चढावर गेलो. तीच सहा पोती, तोच मैलाचा दगड. पेडल दाबलं आणि पाठ सीटला चिकटली. चिंचेचं झाड आलं आणि मागे गेलं.

"एकवीस," अप्पा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "निनादची जोडणी बरोबर होती."

मी गाडी कडेला घेतली. रडू आलं नाही.

"मंजण्णाकडे घे," ते म्हणाले. "त्या सगळ्यांना वाटतं त्याचं चुकलं."

"मी सांगते त्यांना."

"तू सांगू नकोस. मला शिकव."

म्हणून देवनहळ्ळीपासून यशवंतपूरपर्यंत मी त्यांना एक वाक्य शिकवलं. तप्पु निनादंदल्ल, नंदु. चूक निनादची नाही, माझी. त्यांना ‘तप्पु’ जमेना, ‘तपु’ म्हणायचे. शाळेत पोरांना सांगते तसं मी सांगत होते, "जोर द्या अप्पा. अप्पामधला प्प." हेब्बाळच्या पुलावर त्यांनी ते ओळीने दहादा म्हटलं. मला अजून त्यांना माफ करता आलं नव्हतं, पण उच्चार चुकीचा चालणार नव्हता.

गॅरेजमध्ये रविवारची सगळी मंडळी होती. अप्पा मधोमध जाऊन उभे राहिले आणि ते वाक्य म्हणाले. हात त्यांनी मांडीला चिकटवून ठेवले होते. मंजण्णा गडबडला. मी मागून ठोकळ्याचं सांगितलं. "बिडी सार," सोडा हो, असं म्हणत त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. अप्पा बसले नाहीत. निनादचा एक मित्र फोनवर होता, त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि त्याच्यासमोर जाऊन पुन्हा म्हणाले. त्याने फोन खिशात ठेवला आणि मान खाली घातली. त्या महिन्यात गाडी नंजप्पांनी नेली.

अप्पा ह्या वर्षी गेले. अर्धांगवायूचा झटका आला आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. राहिलं ते फक्त ते एक वाक्य. डॉक्टर आले की तप्पु निनादंदल्ल, नंदु. मी भात भरवायला गेले की तेच. शेवटच्या दुपारी ड्यूटीवर कोलारकडची एक नर्स होती. तिने मला कन्नडमध्ये विचारलं, "अज्जा सारखे चूक चूक म्हणतायत. कुणाची चूक, अक्का?"

"त्यांची," मी तिच्याच भाषेत म्हणाले. "आणि स्वल्प माझी."

अप्पांनी डोळे उघडले. बराच वेळ त्यांचे ओठ नुसतेच हलत होते.

"तप्पु," ते म्हणाले, "सुजातंदल्ल. नंदु."

एवढं कन्नड मी त्यांना शिकवलं नव्हतं.